कोंबडीला विचारलं होतं का?

२ तारीख, सोमवार

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रक्तदाब वाढलाय म्हणाल्या. गोळी चालू केली आणि वर सांगितलं, डोक्यात आलं की लगेच बोलायचं नाही, आधी लिहायचं. लिहून झाल्यावरही बोलावंसं वाटलं तर खुशाल बोला. मी म्हटलं, बाई, मी चौथीत शाळा सोडली, माझं लिहून होईपर्यंत समोरचा माणूस निघून जाईल. त्या म्हणाल्या, तेच तर हवंय.

आज राग कशाचा आला? एक बाई खिडकीचं माप वितींमध्ये घेऊन आली. वीत कोणाची तर नवऱ्याची. नवरा कुठे तर परगावी. मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. वही तेव्हा पिशवीतच होती.

६ तारीख, शुक्रवार

शुक्रवारी दुकान लवकर बंद करते, कारण पडदे कापायच्या माझ्या मोठ्या टेबलावर पोरीची मंडळी खेळायला येतात. पोरगी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, वाचनालयात कामाला आहे. बाकी तिघे. होणारा जावई, लिफ्ट दुरुस्त करतो, पुढच्या महिन्यात लग्न आहे. दुसरा दातांचा डॉक्टर. तिसरा नळवाला, आमच्याच गल्लीतला.

खेळ असा. प्रत्येक जण कोणीतरी बनतो. पोरगी तलवारवाली बाई, जावई मांत्रिक. नळवाल्याचा वीर मागच्या वर्षीच मेला, पण तो येतोच. भूत म्हणून खेळतो. दातवाला कोणीच नसतो, तो सूत्रधार. पुढे राक्षस आला का दरी आली ते तोच सांगतो. आणि काही करायचं झालं की फासा टाकायचा. फाशाला वीस तोंडं. आमच्या अख्ख्या नातेवाइकांत मिळून एवढी नाहीत, पण आवाज त्यांचा जास्त.

आज पोरगी चहा करायला आत गेली. ती चहा घेऊन येईपर्यंत जावयाने तिची कोंबडी करून टाकली.

म्हणजे खेळात. समोर अरुंद बोगदा होता म्हणे. चिलखत घातलेली बाई त्यातून जाईना. मग ह्याने मंत्र म्हटला, बाईची कोंबडी केली आणि पिशवीत घातली. पोरगी ट्रे घेऊन उभी. तिला वाटलं चेष्टा करतात.

"मला बचावाचा फासा?" ती म्हणाली. कोणी आपल्यावर मंत्र टाकला की एक फासा टाकता येतो, मोठा आकडा आला तर मंत्र लागत नाही. त्याला हे बचाव म्हणतात.

जावई म्हणाला, "राजी असलेल्याला बचाव नसतो. पुस्तकात आहे."

"मी राजी कधी झाले?"

"तू नाही म्हणाली नाहीस."

"मी आत होते! चहा करत होते! तुमच्यासाठी!"

चहा गार झाला. दोन कप तसेच ओतले. राग आला तो चहाचा.

७ तारीख, शनिवार

पोरगी सकाळी जेवणाच्या टेबलावर चमचा आपटत होती. मी म्हटलं, अगं, खेळातली कोंबडी. ती म्हणाली, आई, तुला नाही कळायचं. हे पेपर वाचत होते. हे म्हणजे माझे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त. "हं" म्हणाले. हे दिवसातून चारदा "हं" म्हणतात, त्यातच सगळं येतं.

दुपारी नळवाला मोरीतला नळ बघायला आला. मी विचारलं, तुझं काय मत? तो पाइपमध्ये डोकं घालूनच म्हणाला, "मावशी, घरात माणूस नसलं तर मी नळ उघडत नाही. बेल वाजवतो, परत येतो." मग म्हणाला, "पण माझं कोण ऐकतं, मी भूत."

१० तारीख, मंगळवार

कामाचा डोंगर. लग्नाच्या हॉलचे पडदे मीच शिवतेय. हॉलवाल्याचे जुने पडदे बघून माझ्या जिवाला चैन पडेना. कापड मोठं झोकात आणलंय, तपकिरी, त्यावर परातीएवढी केशरी फुलं. उरलेल्यात ह्यांचा लग्नातला शर्ट बसतो. ह्यांचे सगळे शर्ट मी पडद्यांच्या उरलेल्या कापडाचेच शिवत आले. कापड दणकट असतं. माप घ्यायला बोलावलं तर आले, हात वर करून उभे राहिले. हे नेहमी असेच उभे राहतात, दोन्ही हात वर. इतका सोपा माणूस शोधून सापडायचा नाही.

जावयाचा फोन आला. पोरगा कामाचा. लग्नानंतर त्याची बदली उत्तरेकडच्या मोठ्या शहरात होतेय, तर त्याने तिथे घर बघून पक्कंसुद्धा केलं. दोन खोल्या, बाल्कनी. पोरीला फोनवरच कळवलं. ती म्हणाली, "अस्सं." एवढंच. खुश असावी. मी विचारलं, वाचनालयाचं काय करणार? तर उठून आत गेली. अजून ती कोंबडीच डोक्यात दिसतेय.

बाल्कनीला पडदा मी देईन.

१३ तारीख, शुक्रवार

आज कोर्ट बसलं. खेळ पुढे सरकेना म्हणून दातवाला म्हणाला, काकू, आम्ही पुस्तक तीनदा वाचलं, तीन अर्थ निघाले. तुम्हाला खेळातलं काही कळत नाही, तेव्हा तुम्हीच न्याय करा. मी कात्री ठेवली आणि बसले.

पुस्तकात ओळ अशी आहे. राजी असलेल्या जीवाला बचाव नाही. आणि खाली बारीक अक्षरात, बेशुद्ध जीव राजी धरावा.

आता भांडण हे की चहा करायला आत गेलेला माणूस बेशुद्ध म्हणायचा का.

दातवाला म्हणाला, "माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस नाही म्हणूच शकत नाही. मी त्याला राजी धरतो."

नळवाला म्हणाला, "म्हणून मी दाढ घेऊन तुझ्याकडे येत नाही. दोन वर्षं एकाच बाजूने चावतोय."

जावई आपला शांत. "काकू, मी तिच्या भल्यासाठीच केलं. बोगद्यापलीकडे उत्तरेचं शहर आहे. तिथल्या राजाकडे मला काम मिळतंय. तिला काही त्रास नको म्हणून पिशवी. आत गवतसुद्धा घातलं. तिकडे पोचल्यावर परत माणूस करणारच होतो."

"कधी?" पोरगी.

"सगळं बस्तान बसलं की."

"आणि तोवर?"

"तोवर कोंबडी. अगं, वाईट काय आहे त्यात?"

मला तर काही वाईट दिसेना. गवतबिवत घालणारा नवरा कोणाला मिळतो? मी म्हटलं, एक फासा देऊन टाक तिला आणि मिटवा. तर जावई म्हणाला, आज दिला की प्रत्येक वेळी द्यावा लागेल, मग खेळ चालणार कसा? हेही पटलं. मी निकाल दिला. गप्प तो राजी. माझं अख्खं घर ह्याच नियमावर चाललंय आणि कोणाची कधी तक्रार नाही.

कोपऱ्यात ह्यांना जोराचा ठसका लागला. पाणी दिलं.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, तू बाबांना कधी काही विचारलंस?"

"विचारायचं काय? समोरच तर असतात."

ती ताडकन उठून गेली. फासा खाली पडला तो ह्यांनी उचलला. मला वाटलं झाडताना सापडू नये म्हणून.

१५ तारीख, रविवार

बोलायचं आहे, पण आधी लिहायचं म्हणून लिहिते.

ह्यांचा शर्ट झाला. उरलेल्या कापडातही फुलं बरोबर छातीवर आणली होती, सोपं काम नाही. म्हटलं, या, घालून बघा. आले. एक हात घातला, दुसरा घातला. मग खिशातून काय काढलं? तो वीस तोंडांचा फासा.

"हे काय?"

"बचाव," म्हणाले. आणि माझ्या शिलाई मशीनवर फासा टाकला.

एकोणीस आला.

ह्यांनी शर्ट काढला, नीट घडी घातली, माझ्या हातात दिला आणि बनियनवर पेपर वाचायला जाऊन बसले.

मी म्हटलं, "अहो, आजवर तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत!"

"तेव्हा फासा नव्हता."

लिहून झालं. बोलावंसं वाटतंय. बोलले. चांगली अर्धी दुपार बोलले. हे मधूनमधून फासा टाकत होते.

१६ तारीख, सोमवार

हे बाजारातून पांढरा शर्ट घेऊन आले. कोरा पांढरा. शिवण उसवायला आलेली, काजं तिरकी, कॉलर म्हणजे पुठ्ठा. घालून आरशासमोर उभे राहिले आणि शीळ घातली. ह्यांना शीळ येते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी दुधीची भाजी वाढली, तर फासा. दोन आला. मुकाट खाल्ली. नियम पाळतात, एवढं खरं.

एक शंका आली आणि ती घालवता येईना. कपाटात ह्यांचे एवढे शर्ट आहेत. पिवळ्या चौकटीचा, छत्र्यांचा, तो निळा बोटींचा, जो पाळणाघराच्या पडद्यातून निघाला. टपाल खात्यात बोटींचा शर्ट घालून इतकी वर्षं गेले. माणसाला आवडल्याशिवाय जाईल का? जाईल का?

रक्तदाब मोजला नाही.

२० तारीख, शुक्रवार

पोरगी आज खेळायला आलीच नाही. खोलीचं दार लावून बसली. दाराआडून म्हणाली, लग्न करणार नाही, हॉलवाल्याला कळव.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पडदे निम्मे टांगून झालेत! म्हटलं, एका कोंबडीसाठी कोणी लग्न मोडतं का? लोकांना काय सांगू? दारातून आवाज, "सांग की कोंबडीसाठी मोडलं."

बाहेर जावई मान खाली घालून बसलेला. दातवाला म्हणाला, आता पिशवीतल्या कोंबडीचं काय, कोणीतरी खेळायला हवं, नाहीतर ती उपाशी मरेल. आणि हे उठले. पांढरा शर्ट घालून पोरीच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "कोंबडी मी सांभाळतो."

मग जे झालं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं. हा दिवसाला चार "हं"वाला माणूस बोलत सुटला. पिशवीचं तोंड सैल करायला लावलं, हवा पाहिजे म्हणे. नदीकाठी सगळी वारी थांबवली, म्हणजे घोडे आणि भूत धरून सगळ्यांना. दातवाल्याने विचारलं, दाणे टाकताय का? हे म्हणाले, "आधी तिला विचारतो, भूक आहे का."

"कोंबडी काय उत्तर देणार, काका?"

"देईल. थांबू."

आणि थांबले. चौघेही थांबले. चार मोठी माणसं टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघत गप्प. मला तर वेड लागायची पाळी. शेवटी नळवाला कुजबुजला, "मला वाटतं ती हो म्हणाली." मग दाणे टाकले.

पोरीच्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. तेव्हा लक्षात आलं नाही, आता लिहिताना आलं.

२३ तारीख, सोमवार

जावयाच्या कामावर जाऊन धडकले. म्हटलं, हॉल आहे, पडदे आहेत, पोरगा आहे, हे लग्न कोंबडीपायी जाऊ देणार नाही. बाजारातली सहा मजली इमारत, तिथली लिफ्ट बंद होती. जावई वरच्या मजल्यावर दार उघडून त्या काळ्या विहिरीच्या तोंडाशी बसलेला. त्याचा जोडीदार खाली काम करत होता.

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने हात केला. "काकू, एक मिनिट." आणि त्या विहिरीत तोंड घालून ओरडला, "आत कोणी आहे का?"

खालून काही नाही.

परत ओरडला. परत काही नाही. बोट बटणाशेजारी, पण दाबेना. मी म्हटलं, अरे दाब की, बोलत नाही म्हणजे नसेल कोणी.

"असं नाही करता येत, काकू. उत्तर आल्याशिवाय बटण नाही दाबायचं."

"आणि आलंच नाही तर?"

"खाली उतरून बघायचं."

"गप्प म्हणजे राजी, असं नाही धरायचं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. माझंही तोंड तसंच राहिलं. ते वाक्य माझं होतं, कोर्ट बसलं त्या शुक्रवारी मी टेबल ठोकून दिलेलं, पण इथे त्या भोकापाशी भलतंच वाटलं. जाऊ दे. तेवढ्यात खालून जोडीदार ओरडला, "आहे रे! स्क्रू तोंडात होता!"

जावयाच्या कपाळावर घाम आला होता. लिफ्टजवळ उकडतंच.

मग मात्र मी सोडला नाही. म्हटलं, "ह्या खोक्यात दोनदोनदा ओरडतोस, मग माझ्या पोरीला पिशवीत घालताना तुझी वाचा बसली होती का? स्वयंपाकघर किती लांब होतं? दहा पावलं!"

"काकू, इथे चूक झाली तर माणूस चिरडतं."

"मग?"

 हातातलं फडकं उगाच पिळत राहिला. मीही जिना उतरून आले. सहा मजले, लिफ्ट बंद, गुडघ्याची वाट लागली. एवढं जाऊन काही निष्पन्न झालं नाही.

२७ तारीख, शुक्रवार

आज आले सगळे. पोरगी खोलीतून बाहेर आली, कोणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. खेळायला नाही, चहाला आले म्हणाली. हे पांढऱ्या शर्टात कोंबडी सांभाळून बसलेले. माझं काम चालू होतं, हॉलचा शेवटचा पडदा.

जावई उठला. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि त्या विहिरीत ओरडतो तसा ओरडला.

"आत कोणी आहे का?"

दातवाला दचकला. नळवाल्याने पुस्तकात बोट घातलं ते तसंच. आतून नुसता पाण्याचा आवाज.

"आत कोणी आहे का?"

काही नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, अगं ए, बोल की. पण ह्यांनी माझ्याकडे बघून नुसतं बोट ओठावर ठेवलं. मी सुईत दोरा ओवत बसले. ओवलेलाच होता.

जावई परत ओरडला नाही. तो गेला. दहा पावलं. दाराशी उभा राहिला, आत नाही गेला, आणि हळू म्हणाला, "आहेस का?"

बराच वेळ गेला. मग आतून आवाज आला.

"आहे."

"मंत्र टाकायचा होता. चालेल का, विचारायला आलोय."

"नाही चालणार."

"मग बचावाचा फासा टाकशील?"

ती हात पुसत बाहेर आली. ह्यांनी फासा तिच्या हातावर ठेवला. मी देवाचं नाव घेतलं, येऊ दे वीस. तिने टाकला. फासा माझ्या पडद्याच्या चुण्यांत जाऊन अडकला. सगळे वाकून बघायला लागले.

तीन.

दातवाल्याने पुस्तक पाहिलं, परत पाहिलं. तीन म्हणजे कोंबडी. जिच्यासाठी एवढं रामायण, ती कोंबडीच राहिली! मला वाटलं आता ती परत दार आपटणार. तर ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "कोंबडी तर कोंबडी," म्हणाली. "पण पिशवीत नाही बसणार. खांद्यावर बसणार."

"खांद्यावर," जावई म्हणाला. आणि मग मध्येच कुठलं काहीतरी काढलं. "त्या घरमालकाला नको म्हणून कळवलंय. तिकडे जायचं का नाही, ते आधी आपण ठरवू. वाचनालयाचंही. नाही जमलं तर बदलीला मी नकार देतो."

घराचा इथे काय संबंध? बाल्कनी होती त्याला. मी तोंड उघडणार होते, पण पोरीने त्याचा हात असा घट्ट धरला होता की म्हटलं जाऊ दे, मागाहून विचारू. हॉलवाल्याला कळवायचं का, असं विचारलं, तर ती म्हणाली, "आई, पडदे टांग."

चहा उकळून उकळून काढा झाला होता. सगळ्यांनी प्यायला.

ह्या पोरांचं मला काही कळत नाही. फासा हरली आणि लग्न जमलं.

२९ तारीख, रविवार

पडदे टांगून झाले. हॉल उठून दिसतो.

सकाळी ह्यांचा तो केशरी फुलांचा शर्ट हातात घेतला. आता लग्न ठरलंय, तर घालतील असं वाटलं. ह्यांच्याकडे घेऊन गेले. ह्यांचा हात खिशाकडे गेला.

मी म्हटलं, "राहू दे तो फासा."

हे थांबले. मला पुढचं वाक्य येईना. मी रोज शंभर गिऱ्हाइकांना विचारते, कापड कोणतं, लांबी किती, झालर हवी का. कधी अडखळले नाही. इथे शर्टाची घडी दोनदा घातली. शेवटी म्हटलं, "तुम्हाला लग्नात कसला शर्ट हवाय?"

हे उभे राहिले. हात वर नव्हते. खाली होते, शरीराशेजारी, जसे माणसाचे असतात.

"बघू?" म्हणाले.

"बघा."

तर हे दुकानात गेले. मी मागोमाग. कापडाचा एकेक गठ्ठा उतरवतात, उजेडात नेतात, बोटांनी चोळतात, नाकाला लावतात, परत ठेवतात. परत काढतात. पांढरं काढलं, ठेवलं. राखाडी काढलं, ठेवलं. बोटींचं निळं अजून थोडं शिल्लक होतं, ते तर दोनदा काढलं. काय चाललंय काही कळू देत नाहीत. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, मी म्हटलं, बाई, नंतर या, माझं गिऱ्हाईक आहे.

लवकर आटपा, असं माझ्या ओठावर येऊन बसलंय. राखाडीच घ्या, गोऱ्या रंगाला शोभतं, हेही आलंय. म्हणून वही काढली. कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. लिहून झाल्यावर बोलायची परवानगी आहे मला, म्हणून लिहिणं संपवत नाहीये.

आता त्यांनी हिरवं काढलं. हिरवं! हिरवं मी ह्यांना कधी शिवलं नाही. खिडकीशी नेलं. माझ्याकडे बघतायत.

मी काही बोललेले नाही.

परत ठेवलं.

एक गठ्ठा अजून वरच्या फळीवर आहे. शिडी लागेल. मी धरते म्हटलं, एवढंच. हे शिडी आणायला गेलेत.